अंगठा बाहेर आला तसा खांदा खाली आला

दादूला अंगठ्याचा स्प्लिंट, म्हणजे अंगठा तळहाताबाहेर धरून ठेवणारा आधार, लावल्यापासून ओळखीतल्या कितीतरी आईबाबांनी विचारलंय की खरंच फरक पडतो का, कसा बनवतात, दिवसभर घालायचा का, म्हणून आम्ही जे बघितलं आणि त्याच्या थेरपिस्ट मॅडमनी जे समजावलं ते एकदा सविस्तर लिहितेय. आधीच सांगते, अंगठ्यापेक्षा खांद्याबद्दल आणि कोपराबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण आमच्याकडे मोठा बदल तिथे दिसला.

दादू माझा मुलगा, आता पाचवं वर्ष चालू आहे. जन्माच्या आसपास कधीतरी मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला आणि त्यामुळे शरीराची उजवी बाजू कमजोर पण ताठ, याला हेमिप्लेजिक सेरेब्रल पाल्सी म्हणतात. सहा-सात महिन्यांचा असताना खुळखुळा कुठूनही दिला तरी डाव्याच हाताने घ्यायचा, घरात सगळे म्हणायचे डावखुरा होणार, आजोबापण डावखुरेच होते. पण बाळ साधारण वर्षाचं होईपर्यंत दोन्ही हात सारखेच वापरतं, त्याच्या आधीच एक हात ठरून गेला असेल तर दुसऱ्या हाताकडे बघायला पाहिजे, हे लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी बरोबर पकडलं आणि एमआरआय करायला सांगितला. त्यानंतरचं सगळं इथे लिहीत नाही, ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना माहितीच आहे. पायाचं छान सावरलं, चालतो, पळतो, जिना चढतो. हात मात्र मागे राहिला.

हात कसा होता ते नीट सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. उजवा अंगठा तळहाताच्या आत, त्याच्यावर चारही बोटं मिटलेली, मनगट खाली पडलेलं, हात कायम पालथा आणि कोपर थोडं वाकलेलं. झोपेत सगळं सैल व्हायचं, जागा झाला की परत मूठ. पळायला लागला की कोपर अजून वाकायचं आणि मूठ अजून घट्ट. डाव्या हाताने एखाद्या डब्याचं झाकण जोर लावून उघडायला गेला तरी उजवी मूठ आपोआप आवळायची, म्हणजे दुसऱ्या हाताने मदत करायची असते नेमकं तेव्हाच तो हात बंद. नखं कापायची तर एकाने अंगठा धरायचा आणि दुसऱ्याने कापायची, आणि तळहाताच्या घडीत घाम साचून वास यायचा, कधी कधी लाल व्हायचं, रोज तिथे बोट घालून पुसून घ्यावं लागायचं.

आता टेबलावर ग्लास ठेवून उजव्या हाताने घे म्हटलं की काय व्हायचं ते बघा. हात पालथा आणि अंगठा आत, म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या ज्या बेचक्यात ग्लास बसतो ते बेचकंच बंद. मग ग्लास बाजूने धरताच येत नाही, वरून धरावा लागतो. वरून धरायचा तर पंजा ग्लासच्या उंचीच्या वर न्यायला पाहिजे, म्हणून खांदा कानापर्यंत वर, कोपर बाहेर. कोपर पूर्ण सरळ होत नाही म्हणून हात लांब करायच्या ऐवजी कमरेतून अख्खं अंग पुढे झुकायचं. एवढं सगळं करून बोटं ग्लासवर पोचायची आणि अंगठा मधे असल्यामुळे ग्लास पुढे ढकलला जायचा नाहीतर पडायचा. मुलाने दोनदा करून बघितलं की तिसऱ्यांदा तो डावा हातच पुढे करणार ना, त्यात त्याचं काय चुकलं? आम्ही मात्र दिवसभर "उजवा हात, उजवा हात" करत त्याच्या मागे.

आमचे हे एमआयडीसीतल्या कारखान्यात ऑफिसला आहेत, कामगारांच्या अपघाताचे क्लेम त्यांच्याकडे येतात. त्यांनी एकदा सांगितलं की भरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरलेलं होतं, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२ आणि करंगळी ७. म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट दोन्ही मिळूनसुद्धा एका अंगठ्याएवढी होत नाहीत. दादूचा अंगठा जागेवर होता, हाडं चांगली, कातडी चांगली, फक्त कामाला येत नव्हता, आणि ते ऐकल्यावर आम्ही दोघांनीही ठरवलं की आता याच्यावर नीट लक्ष द्यायचं.

पहिल्यांदा मिळाला तो रेडीमेड स्प्लिंट. एका दुकानातून, माप फक्त लहान-मध्यम-मोठं एवढंच. अंगठा आणि मनगट दोन्ही धरणारा, आत पत्र्याची पट्टी, मोठ्या माणसाला अंगठा दुखावल्यावर देतात त्याचीच छोटी आवृत्ती. दिसायला अंगठा बाहेर आला हे खरं. पण मनगट एकदम लॉक, आणि पट्टा अर्ध्या तळहातावर. तो लावून दादूला खेळायला दिलं तर खांदा पूर्वीपेक्षाही जास्त वर जायला लागला आणि थोड्या वेळात मान वाकडी करून बसला. याचं कारण नंतर मॅडमनी करून दाखवलं, तुम्हीपण करून बघा, स्वतःच्या मनगटाला क्रेप बँडेज घट्ट गुंडाळा, मनगट हलता कामा नये, आणि चहाचा कप तोंडाला लावा. कोपर आपोआप वर येतं. मनगट जे वळण देतं ते मिळालं नाही की शरीर ते कोपरातून, खांद्यातून, नाहीतर कमरेतून भरून काढतं. मोठ्या माणसाचं चार आठवड्यांचं दुखणं असेल तर चालून जातं, कारण त्याच्या मेंदूला हात कसा चालवायचा हे आधीपासून माहीत असतं. पण मूल तर हात चालवायला शिकतंय, त्याला तीच वाकडी पद्धत पक्की होऊन बसते. दुकानदाराने सरळ सांगितलं की वापरलेला परत घेत नाही. तो स्प्लिंट कपाटात गेला.

मग मिरजेच्या ओटी मॅडमचं नाव एका आईकडून कळलं. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, बरेच लोक फिजिओ आणि ओटी एकच समजतात म्हणून सांगते, हाताच्या कामाचं, जेवण-कपडे-लिहिणं या सगळ्याचं ओटी बघतात आणि स्प्लिंट बनवणं हे त्यांच्या शिक्षणाचाच भाग असतं. मॅडम मुंबईला केईएम हॉस्पिटलमध्ये शिकलेल्या. तिथे १९५० साली कमला निंबकरांनी ओटीचं कॉलेज सुरू केलं, देशातलं पहिलं, आणि त्या मूळच्या अमेरिकेच्या, लग्न करून निंबकर झालेल्या. हे मॅडमनी दादूच्या हाताला माप लावता लावता सांगितलं आणि मला फार बरं वाटलं, आपल्या इथे इतकी वर्षं हे काम चालू आहे म्हणून.

पहिल्या भेटीत स्प्लिंटचा विषयच काढला नाही त्यांनी. आधी दादूला छोट्या खुर्चीत बसवलं, पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी, टेबल कोपराच्या उंचीचं. समोर ग्लास, चेंडू, लाकडी ठोकळे, फिरकीच्या झाकणाची बाटली, मणी आणि दोरा. मोबाइल स्टुलावर ठेवून एकदा समोरून आणि एकदा बाजूने व्हिडिओ. दादूला वाटलं शूटिंग चाललंय, खूष होता. मग हात हातात घेऊन बघितलं, आधी मनगट वाकवून अंगठा बाहेर काढला, तो सहज आला. मग मनगट सरळ ठेवून तसाच काढला, तर आला पण अंगठ्याचं टोक वाकायला लागलं. मॅडम म्हणाल्या, "ताई, हे चांगलं लक्षण आहे, सांधा आखडलेला नाहीये, पूर्ण बाहेर येतोय, फक्त स्नायू ओढतायत." अंगठ्याला आत ओढणारा बेचक्यातला स्नायू ताठ आणि बाहेर नेणारे पाठीमागचे स्नायू कमजोर, अशी ती रस्सीखेच. तळव्यात गेलेल्या अंगठ्याचेही प्रकार आहेत, हाऊस नावाच्या सर्जनने केलेल्या वर्गीकरणात चार, आणि कुठला स्नायू ओढतोय त्याप्रमाणे स्प्लिंटची ओढ कुठून द्यायची ते ठरतं, म्हणून दुसऱ्या मुलाचा स्प्लिंट बघून तसाच शिवून घेणं चालत नाही. आणि हात रोजच्या कामात किती चालतो याच्या १ ते ५ अशा पायऱ्या असतात, मॅक्स म्हणतात त्याला, त्यात दादू दुसऱ्या पायरीवर. १ म्हणजे सगळ्यात कमी अडचण.

मग म्हणाल्या दोन स्प्लिंट करूया. रात्रीचा कडक आणि दिवसाचा मऊ. दोघांची कामं पूर्ण वेगळी, आणि हे मला वाटतं सगळ्यांना माहीत पाहिजे. रात्रीचा फक्त बेचकं आखडू नये म्हणून, हाताने तेव्हा काही करायचंच नसतं. दिवसाचा काम करता यावं म्हणून, तो हलू देणारा पाहिजे.

कडकवाला बनताना बघायला मजा येते. थर्मोप्लास्टिकची शीट असते, पांढरी, पुठ्ठ्याएवढी जाड. आधी कागदावर दादूचा डावा हात ठेवून आकार काढला आणि तो उलटा करून वापरला, कारण उजवा पसरून ठेवताच येत नव्हता. शीट कापून गरम पाण्याच्या ट्रेमध्ये टाकली, साधारण ७० डिग्रीचं पाणी, मिनिटाभरात शीट एकदम लुळी. बाहेर काढून टॉवेलवर टिपली, मॅडमनी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितली, मग दादूच्या. हातावर पातळ मोजा चढवलेला होता. मी मांडीवर घेऊन बसलेले, हे मोबाइलवर ट्रॅक्टरचे व्हिडिओ लावून समोर, आणि मॅडमचे दोन्ही अंगठे दादूच्या बेचक्यात. शीट गार होऊन कडक होईपर्यंत तीन-चार मिनिटं तशाच धरून बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर कडा परत गरम पाण्यात बुडवून बाहेरच्या बाजूला दुमडल्या म्हणजे टोचत नाहीत, आणि वेल्क्रो लावले. घरी जायच्या आधी अर्धा तास घालून ठेवला आणि काढून कातडी बघितली. लाल डाग पडले तरी साधारण वीस मिनिटांत गेले तर ठीक, राहिले तर तिथे दाब पडतोय, परत गरम करून ठीक करायचं. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूने एक नस वरूनच जाते, तिच्यावर पट्टा घट्ट बसला तर अंगठ्याची पाठ बधिर होते, आणि लहान मूल मुंग्या येतायत असं सांगू शकत नाही, म्हणून तो पट्टा त्यांनी मुद्दाम थोडा वर कोपराकडे सरकवला.

दिवसाचा मऊ स्प्लिंट निओप्रीनचा. पाणबुडे घालतात त्या सूटचं कापड, ताणलं जातं आणि परत जागेवर येतं. अंगठ्याभोवती एक वेढा, तिथून पट्टा बेचक्यातून हाताच्या पाठीवर आणि मनगटाला वळसा घालून वेल्क्रो. यात खरी कारागिरी ओढ कुठून द्यायची यात आहे. अंगठ्याच्या टोकाला धरून ओढलं तर अंगठा बाहेर आल्यासारखा दिसतो, पण मुळाशी तो आतच राहतो आणि मधला सांधा उलटा वाकायला लागतो, आणि असं महिनोन्महिने चाललं तर तो सांधा सैल पडतो. म्हणून ओढ मुळापासून, तळहातातल्या हाडापासून द्यायची, टोक मोकळं. मॅडमनी मला बोट ठेवून दाखवलं, "इथे धरायचं, इथे नाही," आणि घरी लावताना मी अजूनही आधी ते मूळ बोटाने चाचपते मगच पट्टा ओढते.

आता मुख्य गोष्ट. मऊ स्प्लिंट लावला आणि तीच खुर्ची, तेच टेबल, तोच ग्लास, मोबाइल त्याच स्टुलावर. दादूने हात पुढे केला. पंजा पूर्ण उघडला नाही, पण बेचकं उघडं होतं. आणि हात वरून आलाच नाही, टेबलाला लागून बाजूने आला. पालथा होता तो अर्धा फिरला, अंगठा वरच्या बाजूला, आपण हस्तांदोलनाला हात करतो तसा. बाजूने येत असल्यामुळे पंजा वर उचलायची गरजच राहिली नाही, म्हणून खांदा वर गेला नाही. कोपर पूर्वीपेक्षा सरळ झालं, कमरेतून झुकणं कमी. ग्लास बेचक्यात बसला, बोटं जरा उशिराने मिटली, आणि उचलला. तोंडापर्यंत नेताना परत कोपर वर गेलं ते गेलंच, पण टेबलावरून उचलण्यापर्यंतचा भाग मी आधी कधी बघितलाच नव्हता त्याच्याकडून. मॅडमनी दोन्ही व्हिडिओ बाजूबाजूला लावून थांबवून थांबवून दाखवले आणि म्हणाल्या अंगठ्याकडे बघू नका, दंडाकडे बघा.

असं का होतं तेही विचारलं. आपण काही घ्यायला हात पुढे करतो तेव्हा हात पोचवणं आणि पंजा उघडणं ही दोन कामं मेंदू एकत्र आखतो. हात निघाला की वाटेतच पंजा उघडायला लागतो, वस्तूपर्यंत पोचायच्या आधीच सगळ्यात जास्त उघडतो, साधारण दोन तृतीयांश वेळ गेल्यावर, आणि मग वस्तूच्या मापाने मिटत येतो. स्वतःचा हात मोबाइलमध्ये स्लो मोशनला घेऊन बघा, दिसतं. पंजा उघडणारच नसेल तर मेंदूला हाताचा रस्ता बदलावा लागतो, वरून, लांबून, अंग वाकवून. म्हणजे दादूचा खांदा वर जात होता त्यात खांद्याचा दोष कमी होता, बंद अंगठ्याला तो वाट काढून देत होता. याआधी कितीतरी महिने आम्ही खांदा खाली दाबून धरायचे व्यायाम करत होतो, सांगितले होते तसेच. त्यांचाही उपयोग असेल, पण एक मऊ पट्टा लावून पाच मिनिटांत जे दिसलं ते त्याने दिसलं नव्हतं.

आता दुसरी बाजू, कारण ती कोणी सांगत नाही. स्प्लिंट देतो तसं घेतोही. मोठ्या वस्तूंना फरक पडला, छोट्यांना उलटा पडला. फुटाणा, मणी, नाणं असलं काही उचलताना पूर्वी तो बोटांच्या कडेने कसंबसं ओढून घ्यायचा, स्प्लिंट लावल्यावर तेही जमेना, अंगठा बाहेर बांधलेला असल्यामुळे तर्जनीपर्यंत येईना. आणि तळहात झाकला की स्पर्श कमी. या मुलांना त्या हाताला नुसती ताकद कमी असते असं नाही, हातात काय आहे हे न बघता ओळखणंही कमी असतं, दादूच्या उजव्या हातात डोळे मिटून चमचा दिला किंवा किल्ली दिली तर त्याला सांगता येत नाही. जिथे आधीच कमी कळतं तिथे वरून कापड. पहिल्या आठवड्यात रंगीत क्ले हातात धरलेला असायचा आणि त्याला पत्ताच नसायचा. हे सांगितल्यावर मॅडमनी तळहाताच्या बाजूचं कापड जवळजवळ सगळं कापून टाकलं, फक्त बेचक्यातला पट्टा ठेवला, अंगठ्याच्या पेराची आतली बाजू पूर्ण मोकळी. त्यानंतर पकड बरीच सुधारली. तुमच्या मुलाच्या स्प्लिंटमध्ये तळहात झाकलेला असेल तर एवढं जरूर विचारा की कमी करता येईल का.

म्हणून दिवसभर घालायचा नाही. माझं यावर ठाम मत झालंय. आम्ही कामं ठरवून घेतली, दूध पिणं, बॅट धरणं, सायकलचं हँडल, दोन हातांनी मोठा चेंडू झेलणं, कागद दाबून धरणं, एवढ्याला स्प्लिंट. वाळू, पीठ, पाणी, क्ले आणि बारीक वस्तूंना मोकळा हात. मी पोळ्या करताना कणकेचा गोळा त्याला देते, तेव्हा काढून ठेवते, मूठ वळली तरी वळू दे, पीठ हाताला लागलं पाहिजे.

उजवा हात असल्यामुळे जेवणाचा प्रश्न आमच्याकडे जास्त मोठा होता. वरणभात उजव्या हाताने कालवणं अजून जमत नाही आणि त्याचा आग्रह आम्ही सोडलाय, डाव्या हाताने जेवतो, पोटभर जेवतो. सासूबाईंना सुरुवातीला फार लागायचं, प्रसाद डाव्या हातात कसा द्यायचा म्हणून. त्यांनीच मग एक केलं, प्रसाद द्यायच्या आधी त्याला स्प्लिंट लावायचा, उजवा हात वर, खाली डाव्याचा आधार, आणि साखरफुटाणे त्या उघड्या हातावर. मूठ मिटायच्या आत तो तोंडाकडे नेतो. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या याच्यापेक्षा चांगला व्यायाम मी देऊ शकत नाही, हात उताणा करणं हीच आपल्याला पाहिजे असलेली हालचाल आहे. आणि गणपतीत आरतीला झांज. उजव्या हातात झांजेची दोरी, स्प्लिंटमुळे बेचक्यात अडकून राहते, आणि डाव्या हातातली झांज तो तिच्यावर मारतो. दरवर्षी टाळ्या वाजवायचा तर मुठीवर हात आपटायचा, आवाज यायचा नाही. यंदा झांजेचा एवढा आवाज केला की शेजारच्या काकू बघायला आल्या. दोन्ही हात छातीसमोर, उजवा स्थिर धरून, असं तो आरती संपेपर्यंत उभा होता, आणि स्थिर धरणं हेच त्या हाताचं काम आहे. उजव्या हाताने लिहावं, शर्टाची बटणं लावावीत अशी अपेक्षा मॅडमनी कधी ठेवली नाही, आता आम्हीपण ठेवत नाही. तो मदतनीस हात आहे, त्याने धरून ठेवलं की डावा बाकीचं करतो.

रोजच्या कटकटींबद्दल पटकन. निओप्रीन गरम होतं, एप्रिल-मे मध्ये सांगली-मिरजेच्या उन्हात आतून चिंब, घामोळं येतं. दोन करून घ्या म्हणजे एक धुवून सावलीत वाळत टाकता येतो. वेल्क्रो स्वेटरला आणि गादीच्या चादरीला चिकटतो, धुताना बंद करून धुवा. कडक स्प्लिंट उन्हात उभ्या गाडीत अजिबात ठेवू नका, उष्णतेने मऊ होऊन आकार जातो, तसाच गॅसजवळही नको. रात्रीचा स्प्लिंट सुरुवातीला झोप लागल्यावर लावायचा, सवय झाली की आधी. आणि मूल वाढतं तसा तो लहान होतो, कडा रुतायला लागल्या किंवा अंगठा परत सरकून आत जायला लागला की समजायचं वेळ झाली.

शाळेत बाईंना आम्ही व्हिडिओ दाखवला आणि कुठे ओढायचं ते शिकवलं. आधी मुलं विचारायची हाताला काय झालं, बाईंनी सगळ्यांना एकदा स्प्लिंट हातात देऊन ताणून बघू दिला, विषय संपला.

खर्चाचं म्हणाल तर प्रत्येक ठिकाणी वेगळा, आकडा सांगत नाही. पण ज्यांनी कागदपत्रं केली नसतील त्यांनी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जी २१ प्रकारची दिव्यांगता दिलीय त्यात सेरेब्रल पाल्सी आहे, युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण, त्यात थेरपीही येते. आणि सिव्हिल हॉस्पिटलमध्ये लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं डीईआयसी केंद्र असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून, तिथे चौकशी करा, सुरुवात तिथूनही होते.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, काढल्यावर काय? मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की लावलेला असतानाचा परिणाम आणि काढल्यानंतरचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लावल्यावर हात लगेच चांगला चालतो हे बऱ्याच मुलांत दिसतं, पण काढल्यावर तो तसाच चालेल याची खात्री नाही. आमच्याकडे तसंच आहे. काढल्यावर पहिली काही मिनिटं बेचकं सैल असतं, मग हळूहळू अंगठा परत आत. पळताना मूठ होते ती होतेच, स्प्लिंट असला तरी कोपर वाकतं. एक गोष्ट मात्र मोकळ्या हातातही टिकलीय, ग्लास किंवा चेंडू घ्यायला तो हात बाजूने नेतो. पंजा तेवढा उघडत नाही, कधी कधी अंगठा ग्लासवर आपटतो, पण रस्ता तो नवा धरतो, वरून येत नाही. खांदा अधूनमधून वर जातो, दमला असेल तर जास्त. बेचक्यातल्या स्नायूला बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन तो काही महिने सैल करायचा आणि त्या काळात जोरात थेरपी करायची असाही पर्याय आहे, डॉक्टर आणि मॅडम दोघांचं म्हणणं सध्या गरज नाही, बेचकं आखडायला लागलं तर बघू.

आम्ही दर काही आठवड्यांनी तोच व्हिडिओ परत काढतो, तीच खुर्ची, तोच स्टीलचा ग्लास, एकदा स्प्लिंट घालून आणि एकदा काढून, मोबाइल बाजूला ठेवून. नुसत्या आठवणीवर कळत नाही. कधी आपल्याला उगाच सुधारणा वाटते, कधी काहीच होत नाहीये असं वाटून रडू येतं. व्हिडिओमध्ये खांदा आणि कानाच्या मधलं अंतर बघायचं, पाठ खुर्चीला टेकलेली राहते का ते बघायचं, कोपर किती सरळ होतं ते बघायचं. मॅडम त्यावरूनच पट्टा घट्ट-सैल करतात. मागच्या वेळच्या व्हिडिओवरून त्यांनी मनगटाचा वळसा अर्धा केलाय, मनगट तो आता स्वतः थोडं उचलतो म्हणून. पुढचा स्प्लिंट मनगटाशिवायचा करून बघायचा असं ठरलंय, फक्त अंगठा आणि बेचकं. माप दिवाळीनंतर घेणार आहेत, कापड निळं पाहिजे असं दादूने आत्ताच सांगून ठेवलंय.